नेहमीपेक्षा जास्त

आमच्या यांना बरं वाटायला लागलं, की मला भीती वाटायला लागते. एकदा हे मी चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोला बोलून दाखवलं, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू आजारी नवरा नसून मीच आहे. खरं सांगायचं तर इतकी वर्षं हे निभावून मी एवढी दमलेय, की तसं कुणी तोंडावर म्हटलं तरी आता भांडायला जायची नाही. म्हणा बापडे.

हे शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहेत. आमचं गाव तिसगावच्या बाजूला. वाड्यावस्त्यांवरची पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची आणि संध्याकाळी परत ज्याच्या त्याच्या घरी पोचवायची, हे यांचं काम. माझं काम अंगणवाडीचं. म्हणजे पोरं आधी माझ्या हाताखालून जातात, मग यांच्या बसमध्ये चढतात. 'तू खिचडी घालून फुगवतीस आन् मी हादरे देऊन जिरवतो,' असं हे म्हणतात. म्हणजे चांगले असतात तेव्हा म्हणतात.

डॉक्टर आजाराचं नाव बायपोलर सांगतात. आमच्या घरात त्याला चढ आणि उतार म्हणतात. नावं यांनीच ठेवलेली. ड्रायव्हर माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. उतार लागला की हे भिंतीकडं तोंड करून पडतात ते महिना महिना. आंघोळ नाही, दाढी नाही, काही विचारलं तर 'हं' नाही. चढ लागला की मग घर पुरत नाही, गल्ली पुरत नाही, गाव पुरत नाही. लोकांना उतार कळतो. पडलेला माणूस सगळ्यांना दिसतो, त्याची कीव येते, कुणी अंडी आणून देतं, कुणी उशाशी बसून प्रार्थना करून जातं. चढ मात्र कुणाला कळत नाही. सुरुवातीला तर मुळीच नाही, कारण तेव्हा माणूस नुसता हसरा दिसतो. आणि हसऱ्या माणसाला धरून दवाखान्यात न्यायचं म्हटलं, की नेणारी बाई कजाग ठरते. आमच्या गावात ती कजाग मी.

यंदाचा उतार पावसाळ्यात लागला तो थंडी सरत आली तरी हटेना. शाळेनं बसवर दुसरा माणूस ठेवला. लेक काष्टीला दिलीय, ती येऊन जाऊन करायची, पण तिलाही तिचा संसार आहे. सासूबाई जात्याच हळव्या, त्या दाराशी बसून डोळे पुसायच्या. मी सकाळी यांच्या तोंडात दोन घास आणि गोळी घालून अंगणवाडीत जायची, दुपारी येऊन बघायची की तोंड भिंतीकडंच आहे का. असायचं. मग मी भांडी घासायला बसायची. त्या दिवसांत मला कुणी 'कशी आहेस' विचारलं की राग यायचा.

ज्वारी काढायचे दिवस आले होते. मी अंगणवाडी बंद करून घरी आले, तर हे अंगणात खुर्ची टाकून बसलेले. दाढी केलेली, डोक्याला तेल लावलेलं.

'या मॅडम,' म्हणाले. 'चहा घ्या. साखर जरा जास्त पडलीय, आज सोसा.'

मी पिशवी तिथंच टाकली आणि रडले. चांगली हमसून रडले. सासूबाई आतून पळत आल्या, त्यांना वाटलं काय आक्रीत घडलं. हे मला म्हणाले, 'अगं, उठलोय मी, मेलो न्हाई. थोडं रडं मेल्यावरसाठी ठेव की शिल्लक.' मी रडता रडता हसले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणी मस्करी केली होती.

त्या दिवसापासून हे जे हलायला लागले ते थांबेनात. आधी अंगण झाडलं. मग कोंबड्यांचं खुराडं नीट केलं. मग घराला चुना मारायला काढला, निम्मी भिंत मारून झाल्यावर शेजाऱ्याची मोटर दुरुस्त करायला गेले, तिथून वेशीवरच्या पोरांना क्रिकेट शिकवायला. तोंडात सारखं गाणं. फोन उचलून नात्यातल्या, जातीतल्या, शाळेत बरोबर असलेल्या सगळ्यांना 'प्रभूमध्ये सलाम!' म्हणून हाक. झोप म्हणाल तर डोळा लागला न लागला, की हे उठून चूल पेटवणार. घरात गॅस असताना चूल.

मला कळत नव्हतं असं नाही. भिंत निम्मी सोडली तेव्हाच कळलं होतं. पण मी गप्प बसले. उगाच साधूपणाचा आव कशाला आणू? मला तो माणूस हवा होता. घरात कुणीतरी गाणं म्हणावं, माझ्या भाकरीला नावं ठेवावीत, जाता जाता पाठीवर थाप मारावी, एवढंच. चार दिवस तरी मिळू देत, मग बघू, असं मी म्हणत राहिले.

तेवढ्यात सासूबाईंनी उपकारस्तुती ठेवली.

आमच्या ख्रिस्ती लोकांत कुणी दुखण्यातून उठलं की उपकारस्तुती ठेवतात. मंडळीला घरी बोलवायचं, गाणी, प्रार्थना, मग जो उठला त्यानं साक्ष द्यायची की देवानं मला असं असं उभं केलं, आणि शेवटी जेवण. टायफॉईड, मोडलेला हात, पोटाचं ऑपरेशन, असल्या दुखण्यांना हा रिवाज अगदी ठीक. हाड जुळलं की जुळलं. पण या दुखण्यात माणूस उठतो तो उठून थांबत नाही, तसाच वर वर जात राहतो, आणि नेमकं तेव्हाच सगळे मिळून देवाचे आभार मानतात. आमच्या घरी हे पूर्वीही झालेलं होतं. मी सासूबाईंना म्हणाले, 'आई, एवढ्यात नको. महिनाभर जाऊ द्या.'

'का गं?' त्या म्हणाल्या. 'तुला माझं पोरगं पडलेलंच बघायचंय व्हय?'

मी कांदे चिरायला घेतले. निदान कांद्यामुळं डोळ्यांतल्या पाण्याचं कुणाला काही वाटणार नव्हतं.

मंडळी आली. अंगणात सतरंज्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. पातेल्यात मटण शिजत होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि हे साक्ष द्यायला उभे राहिले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. आणि काय बोलले! हे एरवी चार वाक्यं धड बोलायचे नाहीत, त्या दिवशी मात्र असं बोलले की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भिंतीकडं तोंड करून पडलं की कसं वाटतं, भिंतीवरचा एक एक पोपडा कसा पाठ होतो, बायको गोळी द्यायला येते तेव्हा तिच्या पावलांवरून तिचा राग कसा ओळखू येतो. ते ऐकून मी मान खाली घातली. मला वाटायचं यांचं लक्ष नसतं.

मग मात्र गाडी पळायला लागली. भिंतीवरून बापावर गेले, बापावरून करंजीच्या घाटावर, घाटावरून शाळेच्या बसवर. म्हणाले, 'याच बसमधून मी सगळ्या पोरांना यरुशलेमला नेणार हाय!' लोक हसले. त्यांना वाटलं गंमत करतोय. माझ्या बाजूची बाई म्हणाली, 'किती विनोदी आहेत हो तुमचे.' मी यांच्या डोळ्यांकडं बघत होते. ते हसत नव्हते.

'आन् गोळ्या!' हे मोठ्यांदा म्हणाले. 'गोळ्या मी उकिरड्यात टाकल्या! ज्याला प्रभूनं उठवलं त्याला गोळी कशाला?'

'हालेलूया!' सगळं अंगण म्हणालं.

'आमेन,' मी म्हणाले. सवयच ती, सगळे म्हणतात तिथं तोंडून निघतं. निघाल्यावर मला कळलं मी कशाला आमेन म्हणाले. गोळ्या टाकल्या हे मला तिथं, सगळ्यांबरोबर कळलं होतं. मी रोज सकाळी यांच्या हातावर ठेवत होते, हे माझ्यासमोर तोंडात टाकत होते, आणि मी अंगणवाडीला गेले की थुंकत होते.

जेवणं झाली. हे स्वतः वाढत होते, आग्रह करून करून. पंगतीत शाळेचे एक सर होते, त्यांना म्हणाले, 'सर, सोमवारपास्नं येतो. किल्ली तयार ठेवा.' ते सर भले माणूस. त्यांना साक्ष ऐकून आनंद झाला होता, तरी म्हणाले, 'या की. फक्त डॉक्टरचा दाखला आणा, बस चालवायला हरकत नाही असा. पोरांचा मामला आहे.' मला त्या सरांच्या पाया पडावंसं वाटलं. कारण एरवी चढाला लागलेल्या यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे चार माणसं लागतात आणि चार माणसांची तोंडं बघावी लागतात. आता हे आपल्या पायानं जाणार होते.

एसटीनं नगरला निघालो. जागा असून हे बसले नाहीत, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, नसता निघाला तरी यांनी करून घेतला असता. सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलत होते. समोरून ट्रक आला की 'दाब, दाब', वळण आलं की 'सोड आता'. लोकांची करमणूक झाली. मी खिडकीला डोकं लावून बसले होते. कुणाला कळू नये की मी यांच्याबरोबर आहे, असं मला वाटत होतं, आणि तसं वाटल्याचा रागही येत होता.

घाटाच्या अलीकडं गाडी थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. मी टपरीकडं बघत होते, परत समोर पाहिलं तर हे ड्रायव्हरच्या सीटवर.

गाडी बंद होती. हे नुसते बसले होते. आरसा जरासा सारखा केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पुढं घाटाच्या तोंडाकडं बघत राहिले. इतके दिवस बडबडणारा माणूस तिथं एकदम शांत. हात कसे जिथल्या तिथं बसले होते. मला उठून ओरडायचं होतं, 'अहो, खाली उतरा,' पण उठवेना. म्हटलं, हा आजार आहे, की महिनोन्महिने सीट न मिळालेला ड्रायव्हर आहे? कुणी मला सांगावं. मी इतकी वर्षं याच माणसाजवळ राहते आणि मला सांगता येत नव्हतं.

ड्रायव्हर परत आला. हे हसत सीटवरून उठले. 'तुझा क्लच लई खाली लागतोय,' म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, 'व्हय दादा, सांगितलंय डेपोत.' म्हणजे ते खरंच होतं. पण मग हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'घाट मी चढवून देतो की, तू बस निवांत मागं.' तो हसला. यांनी परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज चढला आणि तो माणूस हसायचा थांबला. मी उठले, यांचा दंड धरला आणि आणून शेजारी बसवलं. नगर येईपर्यंत धरून ठेवला.

डॉक्टरबाई यांना पूर्वीपासून ओळखतात. त्यांनी आधी यांना एकट्याला आत घेतलं. बाहेर आले ते डोळा मारत. 'पास!' म्हणाले. 'आता तू नापास करू नको.' ते हसत म्हणाले, पण माझा हात जरा दाबून म्हणाले.

मी आत गेले. डॉक्टरबाई दमलेल्या दिसत होत्या. बाहेर केवढी रांग. त्यांनी समजावून सांगितलं की मी एकेक गोष्ट विचारते, तुम्ही सांगा किती आहे. अजिबात नाही, थोडं, बरंच, की खूप. त्यावरून मेनिया, म्हणजे आमचा चढ, किती वरचा आहे ते ठरेल. 'ते माझ्यासमोर चांगलेच वागले,' म्हणाल्या, 'पण अर्धा तास माणूस स्वतःला आवरून धरू शकतो. घरातलं तुम्हालाच माहीत.'

'आनंद नेहमीपेक्षा जास्त वाटतो का? बोलणं नेहमीपेक्षा जास्त? झोप नेहमीपेक्षा कमी? काम करायचा जोर नेहमीपेक्षा जास्त?'

प्रत्येक प्रश्नात नेहमीपेक्षा. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, 'डॉक्टर, नेहमी म्हणजे कधी?'

त्यांनी पेन खाली ठेवलं.

'आमच्या अंगणवाडीत पोरांची वजनं करतात,' मी म्हणाले. 'काट्याला झोळी लावायची आणि पोराला झोळीत घालायच्या आधी रिकामी झोळी लटकवून काटा शून्यावर आणायचा. तो आणला नाही तर काय वाट्टेल ते वजन येतं. धडधाकट पोरगं कुपोषितात जातं आणि कुपोषित पोरगं धडधाकट ठरतं. मी यांचं शून्य कुठं धरू? गेल्या महिन्यात धरलं तर तेव्हा हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्याच्यापेक्षा जास्त तर मेलेला माणूसही बोलेल. त्याच्या आधीचं धरलं तर तेव्हा चढ होता. मला आठवतच नाही हो, हे नेहमी कसे असतात.'

बाहेर रांग, आणि मी बाई रडत बसलेली.

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. म्हणाल्या, 'एखादा साधा दिवस आठवा. आजारातला नसलेला. काहीच न घडलेला.'

साधा दिवस. मी बराच वेळ शोधला. सणाचे आठवले, भांडणाचे आठवले, लेकीच्या लग्नाचा आठवला. काहीच न घडलेला दिवस माणूस कशाला लक्षात ठेवतो? मग एक सापडला. हे बस लावून घरी आले. शर्ट खुंटीला अडकवला. 'काय केलंय?' विचारलं. मी म्हणाले, 'पिठलं.' हे म्हणाले, 'परत?' जेवले, पुढारी लोकांना दोन शिव्या दिल्या, आणि खाटेवर आडवे होऊन घोरायला लागले. बस. मला आठवलं, त्या दिवशी मी यांच्यावर वैतागले होते. म्हटलं होतं, देवानं काय माणूस दिलाय, ना दोन गोड शब्द, ना हौस ना मौज. आता त्या दवाखान्यातल्या खुर्चीवर मला तो परतचं पिठलं खाणारा माणूसच हवा होता.

'सापडला,' मी म्हणाले.

'मग तो शून्य धरा,' डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग उत्तरं भराभर आली. बोलणं, खूप. झोप, जवळजवळ नाहीच. जोर, खूप. मोठमोठ्या कल्पना? यरुशलेमचं सांगितलं. राग? एसटीतल्या ड्रायव्हरचं सांगितलं, आवाज कसा चढला ते. गोळ्या? उकिरड्याचं सांगितलं. एकेक उत्तर देताना मला वाटत होतं मी यांच्या अंगावरचा एकेक कपडा काढतेय, आणि हे बाहेर बाकावर बसून दुसऱ्या पेशंटांना हसवत होते. हसण्याचा आवाज आत येत होता.

मग त्यांनी विचारलं, 'शरीरसंबंधाची इच्छा नेहमीपेक्षा वाढलीय?'

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. ज्या माणसानं इतके दिवस माझ्याकडं पाठ केली, त्यानं एके दिवशी कूस बदलून माझा हात हातात घेतला. मला त्याची लाज वाटली नव्हती, सुख वाटलं होतं. आता तेसुद्धा आजारातच मोजायचं, तर माझ्या वाट्याला काय राहिलं? 'थोडं,' मी म्हणाले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडं जरा पाहिलं आणि थोडं धरलं. तेवढं एक उत्तर मी माझ्यासाठी ठेवलं. बाकी सगळं खरं दिलं.

यांना आत बोलावलं. डॉक्टरबाई सरळ बोलल्या. आत्ता दाखला देता येणार नाही. चढ बराच वर आहे. गोळ्या आजपासून सुरू, चार-पाच दिवसांनी परत यायचं, आणि तोवर झोप आली नाही तर भरती व्हावं लागेल.

यांचा चेहरा लाल झाला. खुर्ची मागं सरकवून उभे राहिले. 'चढ? कुठला चढ? मी बसवर कधीपास्नं हाय ठाऊक हाय का तुमाला? एका पोराला खरचटलं न्हाई आजपातूर! विचारा कुनाला बी!' आवाज बाहेर गेला असणार, कारण बाहेरची कुजबुज थांबली. मला वाटलं आता टेबलावर हात आपटतात. पण हे एकदम माझ्याकडं वळले.

'हिला विचारा,' म्हणाले. 'मी नसल आजारी मानत, तुमी मानताय. ऱ्हाऊ द्या. हिला विचारा, माझ्या बसमधी ही बसती का आज. बसती म्हनली तर दाखला द्या. न्हाई म्हनली तर मी बोलनार न्हाई.'

हे माझ्याकडं बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. मी हो म्हणणार याची यांना खात्री होती. लग्न झाल्यापासून या माणसाच्या गाडीत मी बसतेय. टेम्पो होता तेव्हा टेम्पोत, जीप होती तेव्हा जीपमध्ये, घाटात, पावसात, कशीही. एकदाही म्हटलं नव्हतं, हळू चालवा. तेवढा एकच विश्वास माझ्याकडून यांना न मागता मिळाला होता.

'नाही,' मी म्हणाले.

यांनी मान हलवली. खुर्ची पुढं ओढून बसले. 'द्या गोळ्या,' डॉक्टरबाईंना म्हणाले.

परतीच्या एसटीत हे माझ्या शेजारी बसले. ड्रायव्हरकडं गेले नाहीत. कुणाला हाक नाही, गाणं नाही. इतके दिवस ज्या तोंडाला खीळ नव्हती, ते तोंड नगरपासून घरापर्यंत मिटलेलं. मी आधी म्हटलं, बरं झालं, कानाला विसावा. मग घाट लागला आणि मला भीती वाटायला लागली. म्हटलं, माझ्या एका शब्दानं हे परत भिंतीकडं तर वळणार नाहीत? मीच ढकलून दिलं की काय? एका बाजूनं ओढावं तर दुसऱ्या बाजूला जातं. मी इतकी कंटाळले आहे या राखणीला, की त्या घाटात मला क्षणभर वाटलं, सगळं तिथंच संपलं असतं तरी चाललं असतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सासूबाई दारातच, 'दिला का दाखला?' दोघांचे चेहरे बघून त्या आत गेल्या.

जेवणं झाल्यावर मी गोळ्या आणि पाणी घेऊन गेले. आता तोंड उघडून दाखवा म्हणायचं होतं, कसं म्हणायचं ते सुचत नव्हतं. म्हणावं लागलं नाही. यांनी हात पुढं केला, गोळ्या घेतल्या, पाणी प्याले, आणि आपण होऊन आ करून दाखवला, जीभ वर करून, लहान पोर दाखवतं तसा. मला ते बघवलं नाही.

तांब्या परत देताना म्हणाले, 'तू बसायला पायजे हुतीस.'

पहिल्यांदाच बोलले, नगर सोडल्यापासून.

'मी एकटी असते ना त्या बसमध्ये,' मी म्हणाले, 'तर बसले असते.'